झाडाखालचे दबलेले गवत

ज्याने चराचराला दृष्टी दिली आणि स्वतः मात्र दृष्टीआड राहिला, त्या विघ्नहर्त्याला प्रथम वंदन. समई मध्ये ठेवा आणि जवळ येऊन बसा. माझ्या उजव्या अंगाला मात्र कोणी बसू नका. सांगतो ते गेल्या भाद्रपदातले आहे.

दरवर्षी चतुर्थीच्या आधी मी रोह्याहून पेणला जातो. घरच्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी यजमानाच्या समोर व्हावी, असा आमचा कुळाचार आहे. ती आखणी करतो काळुराम, माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. मूर्ती घडवणारे हात पेणमध्ये पुष्कळ आहेत. त्यांना नजर देणारे थोडे. मूर्ती रंगवून झाली की सर्वांत शेवटी डोळे उघडायचे आणि डोळ्यांवाचून एकही आकृती हातावेगळी करायची नाही, हा काळूच्या वडिलांनी घालून दिलेला नेम. त्या नेमावर त्या घराचे नाव उभे आहे.

दुपारच्या गाडीने येऊन काळूच्या कारखान्यात शिरलो, तर शाडूच्या ओल्या वासाऐवजी टर्पेंटाइनचा भपका आला. मागच्या खोलीत काळू स्टुलावर बसला होता. समोर कॅनव्हास, बोटांना तैलरंग.

"ही काय थेरे आहेत?"

"आफ्रिकेतला सूर्यास्त, भावोजी. मोबाईलवर बघून शिकलो."

मी ते चित्र निरखले. सूर्य म्हणजे परातीतून घसरलेला आमरसाचा गोळा. नारिंगी वाळण्याआधीच त्यावर जांभळा फासल्यामुळे आकाशाच्या मधोमध शेणाने सारवल्यासारखा पट्टा उमटला होता. सपाट माथ्याचे ते झाड वाऱ्याने उलटी झालेली छत्री वाटत होते. ज्याने उभ्या जन्मात आपला जिल्हा ओलांडला नाही, तो आफ्रिका रंगवीत होता. ज्या बोटांनी प्रत्यक्ष देवाला जग दाखवले, ती सोफ्यावर टांगायची शोभा चिवडत बसली होती. नामाची गोडी सुटली की मनुष्य काय काय चाटत फिरतो, त्याचा हा नमुना.

"कोणासाठी हा उद्योग?"

"रोह्याच्या ताजुद्दीनचाचांसाठी. त्यांची उमर गेली तिकडं धंद्यात. नव्या बंगल्यात लावायचंय. म्हनले, झाड काढ, सूर्य काढ, पन जित्राब एक बी नको. त्या खोलीत नमाज होतो."

"मग झाडाखाली हे कोण बसले आहे?"

काळूने ब्रश खाली ठेवला. बुंध्याशी एक काळी आकृती दबा धरून बसली होती. वाघ म्हणावा तर मान लांब, बैल म्हणावा तर पाय नाहीत. त्या काळ्या गोळ्यात दोन पांढरेस्वच्छ, पाणीदार डोळे. साऱ्या चित्रात कसबी हाताचे काम तेवढेच होते.

"ब्रश निसटला नि डाग पडला. कोन तरी बसल्यावानी दिसाया लागलं. मंग डोळ्यांबिगर ठेववंना... हाताला सवय, भावोजी."

"जनावर कोणते?"

"त्येच तर म्हायत नाय."

"ज्याचे रूप ठाऊक नाही, त्याला नजर दिलीस. शाबास. उद्या रस्त्यावरच्या धोंड्यांना चष्मे लाव."

त्याची बायको मालू चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली. "तुमीच बोला अण्णा, माजं आयकत नायत. बाकी चित्र वाळत आलं, त्ये डोळं तेवढं वलं हायेत. आन खरं काय झालंय त्ये बी इचारा."

"गप गो," काळू म्हणाला आणि बाहेर कारखान्यात माझी मूर्ती पुढ्यात घेऊन बसला.

दिवेलागण झाली. पाऊस थांबला होता, पन्हाळीतून थेंब गळत होते. काळूने श्वास रोखून रेघ ओढली, बुबुळ भरले, शेवटी पांढरा ठिपका दिला. नजर सरळ माझ्यावर आली. प्रसन्न, सखोल नजर. मी हात जोडले, डोळे मिटले. काळू ब्रश धुवायला उठला. आत मालूने दिवा लावल्याचा आवाज आला.

मी डोळे उघडले तेव्हा मूर्ती माझ्याकडे पाहत नव्हती.

बुबुळे डाव्या कोपऱ्याला सरकली होती. मी चष्मा पुसून पाहिले. मग मांडणीकडे मान वळवली. फळीवर फळी, ओळीने मांडलेले ते सारे गजवदन. प्रत्येकाचे मुख समोर आणि प्रत्येकाची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे.

"काळू..."

"दिसलं ना..." तो माझ्यामागे उभा होता. हातातल्या ब्रशमधून पाणी ठिबकत होते. "त्या डोळ्यांपासून ह्येच चाललंय. रोज सकाळी समद्यांची नजर सरळ करतो. दिवा लागला की पुन्हा..." त्याने ब्रश झटकला. "उद्या मानसं मूर्ती न्यायला येतील. तिरक्या नजरेचा देव कोन घरात घेनार. ह्यो हात गेला, भावोजी. बापाचं नाव बी गेलं."

"देव त्या चिखलाकडे पाहतात, असे म्हणायचे आहे तुला?"

"बघत नायत अण्णा," मालू दारातून हळूच म्हणाली. "राखन करतायत..."

मला भीती वाटली नाही. किळस आली. एका हौशी डागासाठी साक्षात मंगलमूर्तींना पहाऱ्यावर उभे राहावे लागावे, याची किळस. मी मागच्या खोलीत गेलो, खांद्यावरचे उपरणे काढले, टर्पेंटाइनच्या वाटीत बुडवले आणि ती आकृती डोळ्यांसकट पुसून काढली. खालचे पिवळे गवत मोकळे झाले. पुसताना कॅनव्हास हाताला कोमट लागला. दिवसभर तापला असेल, असे मी म्हणालो. दिवसभर पाऊस होता, असे कोणी म्हणाले नाही.

बाहेर आलो, तर सगळ्या मूर्तींची नजर सरळ झालेली. काळू लहान पोरासारखा रडला. त्याचे नाव राहिले होते.

"पाहिलेस?" मी उपरणे पिळून पुन्हा उजव्या खांद्यावर टाकले. "दोन बोटे रंग, त्याचे एवढे स्तोम."

"अण्णा, त्ये फडकं इथंच टाका," मालू म्हणाली.

मी कसला टाकतो. घरी येऊन धुतले. तैलरंगाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही म्हणतात. माझा पहिल्याच पाण्यात गेला. हे मी नामाचे सामर्थ्य समजलो.

दुसऱ्या दिवशी काळू टेम्पोतून माझी मूर्ती आणि ते चित्र घेऊन रोह्याला आला. पुसलेल्या जागेचा रंग ओला होता, म्हणून चित्र खोक्यात उभे बांधले होते. मीही त्याच्यासोबत ताजुद्दीनकडे गेलो. म्हाताऱ्याने चित्र भिंतीला टेकवून बराच वेळ पाहिले.

"रंग थोडा बिघडलाय, पन झाड तसंच हाय रे काळू. फक्त ह्या बुडख्याचं गवत दाबलेलं कशाला दाखवलंस? जनावर आत्ताच उठून गेल्यावानी वाटतंय."

काळूने खाली वाकून पाहिले. त्याचा चेहरा उतरला. "चाचा... मी गवत उभंच काढलं होतं."

"नवशिक्याच्या गवताला उभे राहण्याची अक्कल कुठून येणार," मी म्हणालो. 

गणपती बसले. आरतीला आलेली माणसे म्हणत, यंदा नजर जरा बाजूला वाटते. मी म्हणे, आखणाऱ्याचे चित्त सूर्यास्तात होते. मूर्ती माजघराच्या दाराकडे पाहत होती. आत दोरीवर ते उपरणे वाळत होते. वाळत होते म्हणतो. गौरी गेल्या तरी त्याचा एक कोपरा ओलाच होता.

निरोपाच्या दिवशी आमच्याकडे मूर्ती उंबऱ्याबाहेर नेली की तिचे मुख घराकडे वळवतात, देवाने एकदा घर डोळे भरून पाहावे म्हणून. मूर्ती पाटावर घेतली होती माझ्या मुलाने. मी दारात उभा, माझ्यामागे माजघर उघडे. तो वळला. आता नजर आत, त्या दोरीकडे जाईल, अशी मी वाट पाहिली.

ती आत गेली नाही. माझ्या उजव्या खांद्यावर थांबली. खांदा मोकळा होता.

मी तो झटकला. असल्या गोष्टींना मी आजही किंमत देत नाही. मूर्ती कुंडलिका नदीत गेली, नजर पाण्यात गेली, संपले. अंगरखा मात्र उजव्या खांद्यावर वाळत नाही. सून रोज दुसरा काढून देते. दिवेलागणीपर्यंत तोही ओला होतो. आणि कोमट.

असो. ज्यांनी हे ऐकले, त्यांच्या घरी सांजवात तेवत राहो, मुलाबाळांना उदंड आयुष्य लाभो, आणि तुमच्या देव्हाऱ्यातल्या देवाची नजर अखंड तुमच्या मुखावर राहो. मुखावरच राहो.