सात बाटल्या गढूळ पाणी

“नुसतं नको म्हटलं तर ऐकायची नाही ती. आज रात्री मी पट्टीभाऊची गोष्ट काढतो. बघा वहिनी, उद्या सकाळी वही आपणहून आणून ठेवते की नाही!”

हे आपण वहिनींच्या कानात सांगितलं, असं काकांना वाटलं. पण काकांना ऐकू कमी येई, त्यामुळे त्यांची कुजबुज मागच्या दारी भांडी घासणाऱ्या वहिनींच्या नव्या सुनेपर्यंत ठणठणीत पोचली. तिनं पातेलं जरा जोरात घासलं.

लग्नाला तीन महिने झाले होते, वही हाती येऊन पाच आठवडे. गावच्या पाणलोट समितीनं नदीत मोजपट्टी रोवली होती. पाणी किती चढलं ते तिथं जाऊन पाहायचं, वहीत लिहायचं आणि बाटलीभर पाणी घेऊन यायचं. बाटलीतला गाळ वाळवून तोलला की टेकडीवरून माती किती वाहून गेली ते कळे, आणि बांध कुठे घालायचे ते त्यावरून ठरणार होतं. एरवी दिवसाला दोन फेऱ्या, पण नदी चढली की रात्रीसुद्धा तासातासाला. सासूबाईंचं घोडं तिथंच अडलं होतं. नवरा आईसमोर आईसारखी मान डोलवी, बायकोसमोर बायकोसारखी.

त्या दिवशी दुपारपासून पाऊस होता. नऊचा आकडा घेऊन ती आली तेव्हा वीज गेली होती. ओसरीवर नणंद आणि धाकटा दीर काकांना चिकटून बसले होते. सासूबाई दाराशी होत्या. तीही पाय पुसून टेकली.

“माझ्या एका दोस्ताची गोष्ट,” काका म्हणाले. “पटली तर घ्या. अकरा वर्षं झाली. ऑगस्टची तेवीस, मंगळवार. तेव्हा वही त्याच्याकडे होती. त्याच्याआधी पट्टीभाऊकडे, पण तो आदल्या वर्षीच तापानं गेला. आमचा दोस्त एक नंबरचा आळशी. संध्याकाळी जेवता जेवताच आठपासून दोनपर्यंतचे सातही आकडे लिहून मोकळा!”

“मग नदीवर जायचंच कशाला?” दिरानं विचारलं.

“अरे, आकडा घरी बसून लिहिशील, गढूळ पाणी कुठून आणशील? सकाळी ऑफिसचा माणूस बाटल्या न्यायला यायचा. म्हणून दोनला एकदाच जायचं, सातही बाटल्या भरायच्या, आणि घरी येऊन ताणून द्यायची.”

सगळे हसले. तीही हसली. परवा पहाटे नेमकी हीच युक्ती तिलाही सुचली होती.

“तर दोनला निघाला. पाऊस थांबलेला. हातात रिकाम्या बाटल्यांची जाळी. पुलाजवळ आला तर मोजपट्टीपाशी कंदील. म्हटलं, मासे धरणारा असेल कुणी. खाली उतरला. माणूस पाठमोरा. कमरेइतक्या पाण्यात. पट्टीवर बोट ठेवून...”

पागोळ्या तेवढ्या वाजत होत्या.

“‘किती?’ त्यानं विचारलं. आवाज... ओळखीचा. दोस्ताच्या तोंडून वहीतला आकडा निघून गेला. ‘एक मीटर चाळीस.’

‘बघून सांग.’

पाणी त्याच्या छातीला. ‘एक... चाळीस.’

‘बघून सांग.’

पाणी गळ्याला. मग... डोक्यावरून. कंदील खाली गेला. विझला नाही. पाण्याखाली... तसाच... पेटलेला.”

नणंदेनं तिचं मनगट घट्ट धरलं.

“जाळी तिथंच टाकली. पळाला. घर. कडी. पांघरूण. पहाटे दार उघडलं. पायरीवर... सात बाटल्या. भरलेल्या. बुचं घट्ट. एकेकीवर तास लिहिलेला. आठ, नऊ, दहा... अक्षर पट्टीभाऊचं. आठची जराशी गढूळ. नऊची जास्त. आणि दोनची... अर्धी मातीच. उचलली तर दगडासारखी जड. माझा हात अजूनही...”

दोस्ताचा हात ‘माझा’ कसा झाला, हे कुणी विचारलं नाही. काका उजवा तळवा गुडघ्यावर पुसत होते. परत. परत. घाबरवायला बसलेला माणूस असा घाबरत नाही, हे तिला अंधारातही दिसलं.

सासूबाईंनी मात्र संधी साधली. “ऐकलंस ना गं? काय काय असतं नदीवर! आता मुकाट्यानं दे ती वही उद्या समितीला परत.”

तिनं घड्याळावर टॉर्च मारला. दहाला बारा कमी. नणंदेची बोटं मनगटावरून एकेक करून सोडवली. वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली, रिकामी बाटली घेतली, चपला पायात सरकवल्या. तीन महिन्यांत या घरात तिचा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

“आई,” ती म्हणाली, “पट्टीभाऊंनी मेल्यावरसुद्धा खोटा आकडा चालू दिला नाही. मी तर धडधाकट जिवंत आहे. दहाचं पाणी बघून येते.”