पाऊण सेकंद आधी

सकाळचे सात वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. उत्तर नॉर्वेतल्या त्या वेधशाळेत डिसेंबरात सूर्य उगवतच नसे, त्यामुळे सकाळ झाली हे घड्याळावर विश्वास ठेवून मान्य करावं लागे. शैलजा गुरव यांनी ते केव्हाच मान्य केलं होतं. देवरुखच्या शाळेत तेहतीस वर्षं कवायत आणि लेझीम शिकवलेल्या बाई त्या. साडेसहालाच चहाचा थर्मास घेऊन, गळ्यात शिट्टी अडकवून त्या उघड्या गच्चीवर हजर होत्या. परदेशात शिट्टी कशाला, असं त्यांना विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

त्यांची मुलगी डॉ. मैत्रेयी मात्र रडकुंडीला आली होती. ध्रुवज्योतीवरच्या तिच्या तीन वर्षांच्या प्रयोगाची ही शेवटची सकाळ. दुपारी लेझर यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं, आणि ऐन वेळी थंडीनं अतिनील प्रकाश टिपणाऱ्या वेधकाची काच तडकली होती.

“त्या वेधकावाचून एवढं काय अडलंय?” शैलजाबाईंनी विचारलं.

मैत्रेयीचे प्रमुख डॉ. निशिकांत बोंद्रे समजावून सांगायची संधी कधी सोडत नसत. ते पुढे सरसावले.

“काकू, सूर्याच्या वाऱ्यामुळे वेग घेतलेले इलेक्ट्रॉन शंभर किलोमीटर उंचीवर हवेवर आदळतात. नायट्रोजनला धक्का बसला की तो त्याच क्षणी जांभळा आणि अतिनील प्रकाश टाकतो. ऑक्सिजन मात्र निवांत. ऊर्जा धरून बसतो आणि सरासरी पाऊण सेकंदानं हिरवा उजळतो.”

“म्हणजे मागच्या रांगेतला.”

“अगदी! तो असा धरून बसलेला असताना आपला लेझरचा झोत त्याच्यावर पडला, तर त्यानं सगळा प्रकाश एकदम सोडून द्यावा, असं मैत्रेयीचं गणित आहे. पण त्यासाठी झोत हिरवं दिसायच्या आधी सुटायला हवा. तो क्षण वेधकाला कळायचा. जांभळा इतका मंद की माणसाला जाणवत नाही, आणि अतिनील तर दिसतच नाही, डोळ्यातलं भिंगच ते अडवतं.”

“आणि एकदा झोत सोडला की यंत्र वीस मिनिटं गप्प,” मैत्रेयी म्हणाली. “आता अंदाजानं बटण दाबायचं, दुसरं काय!”

पहाटेनंतरची ध्रुवज्योती पडद्यासारखी झुलत नाही. तिचे मोठमोठे डाग आभाळभर उघडझाप करतात, तेही अनियमित, कधी तीन सेकंदांनी, कधी दहा. डोक्यावर एक डाग उजळला.

“हं!” शैलजाबाई म्हणाल्या.

“वा!” बोंद्रे म्हणाले, पण जरा मागाहून.

पुन्हा “हं!” आणि मग “वा!” सहाव्या खेपेला शैलजाबाई वैतागल्या. तीनशे मुलांत एकानं लेझीम उशिरा उचलली तरी त्यांना ते खपत नसे.

“डॉक्टर, तुम्ही दर वेळी मागे पडता. कालपर्यंत मीही तुमच्याच रांगेत होते म्हणा. आज हा जुना चष्मा घातला आणि बरं दिसायला लागलं.”

मैत्रेयीनं आईकडे वळून पाहिलं. येताना हौसेनं करून दिलेल्या नव्या हलक्या चष्म्यावर आई सकाळीच चुकून बसली होती आणि तो मोडला होता. आता तिच्या नाकावर जाड काचेचा जुना चष्मा होता.

“आई, तुला आधी काय दिसतं?”

“फिकट जांभळं. धुऊन धुऊन विटलेल्या पातळासारखं. मग हिरवं.”

“काकू, तुमच्या डोळ्यात भिंग—”

“माझ्या डोळ्यात भिंग आहेच कुठे? जन्मापासून मोतीबिंदू. पाच वर्षांची असताना शिबिरात काढला. तेव्हा लहान मुलांना नवं भिंग बसवत नसत. म्हणून तर हा डोंगर नाकावर!”

मैत्रेयीनं कपाळावर हात मारला. नव्या चष्म्याच्या काचा तिनं खास सांगून अतिनीलरोधक करून घेतल्या होत्या. दोन दिवस तिनं स्वतःच आईचं अर्धं आभाळ झाकून ठेवलं होतं.

“आई, तू खूण कर. मी बटण दाबते.”

शैलजाबाईंनी सवयीनं शिट्टी फुंकली. मैत्रेयीनं बटण दाबलं. झोत वर गेला आणि काहीच झालं नाही.

“दोन माणसं, दुप्पट उशीर,” बोंद्रे पुटपुटले. “बटण काकूंच्याच हातात द्यायला हवं होतं.”

ती वीस मिनिटं सरता सरेनात. पश्चिमेकडून ढग सरकत आले. यंत्राचा दिवा लागला तेव्हा आभाळाचा एकच तुकडा मोकळा उरला होता. हातमोजा काढून, बटणावर बोट ठेवून शैलजाबाई उभ्या होत्या, अगदी सावधानमध्ये.

खट्.

काळ्या आभाळात एक हिरवा ठिपका लखकन चमकला. भोवती अजून काहीच नव्हतं. मग त्याच्याभोवती हिरवा डाग भरत गेला, आणि ठिपक्याच्या जागी क्षणभर वाटोळं काळं भोक राहिलं. तिथल्या ऑक्सिजननं आपला प्रकाश आधीच उधळून टाकला होता.

बोंद्रे चक्क नाचले. मैत्रेयीनं आईला घट्ट मिठी मारली.

“आई, ते भोक बघितलंस? तीन वर्षं मी त्या भोकाची वाट पाहत होते!”

“कसलं भोक?” शैलजाबाई गोंधळल्या. “मला तर सगळं सलग दिसलं. मध्ये नुसतं जांभळं होतं, एवढंच.”

मैत्रेयी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. ज्या बोटानं ते भोक पाडलं, त्याच्या मालकिणीला ते कधीच काळं दिसणार नव्हतं.

“मी तुला ध्रुवज्योती दाखवायला आणलं होतं गं,” ती डोळे पुसत म्हणाली. “आता तूच मला दाखव.”

शैलजाबाईंनी शालीच्या टोकानं चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि मान वर केली.

“आता!”

सगळ्यांनी वर पाहिलं. आभाळ काळंच होतं, आणि मग ते हिरवं झालं.