काठावरचं घर

पंकज पहिल्यांदा दारात आला तो काही तिच्यासाठी नव्हे. तेलंगणातल्या जैनथजवळच्या त्या गावात सरपंचकीची निवडणूक लागली होती, त्याची वहिनी रुख्मिणी उभी होती, आणि मतदारयादी घेऊन तो घरोघर फिरत होता. सुनयनाचे बाबा कापसाच्या शेतात गेलेले. ओट्यावर ती एकटीच, मांडीवर कॉलेजची वही.

"काय लिहून राह्यल्या?"

"अमेरिकेची निवडणूक."

"आमची सोडून?" तो हसला. हसताना त्याची नजर वहीवरून तिच्या चेहऱ्यावर आली आणि... तिथंच राहिली.

मग तिनं सांगितलं — तिथं दोन मोठे पक्ष, त्यांचे मतदार ठरलेले. पण जे कोणाचेच नसतात, तेच ऐनवेळी राष्ट्राध्यक्षाचं पारडं फिरवू शकतात. म्हणून उमेदवार त्यांच्या मागे मागे.

"म्हंजे काठावरले," पंकज म्हणाला आणि यादीत तिच्या घरच्या चार नावांपुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. "तुमच्यासारके. उद्या येतो."

तो आला. परवाही आला. चहा घ्यायचा, वही मागून घ्यायचा, तिनं तेलुगूत लिहिलेली वाक्यं अडखळत वाचून तिला हसवायचा... तिसऱ्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "आपले चारी मतं रुख्मिणीले." सुनयनाच्या मनात आलं, पक्क्या झालेल्या घराकडे कोण कशाला फिरकेल?

दुसऱ्या दिवशी पंकजनं विचारलं, "ठरलं का?"

"नाई अजून..."

असं तिनं आठवडाभर निभावलं. तो येईपर्यंत जीव टांगणीला, आला की खोटं उघडं पडायची धाकधूक, गेला की नवीच काळजी. हा येतो तो कोणासाठी? माझ्यासाठी, की चार मतांसाठी? मतदान झालं की तो आदिलाबादला कापसाच्या जिनिंगवर कामाला परत जाणार होता. मग काठावरच्या घराशी त्याचं काय काम?

मतदानाच्याच दिवशी दुपारी मोजणी झाली. रुख्मिणीवहिनी तीन मतांनी पडली.

तीन. आणि आपल्या घरची चार. त्याला वाटणार, यांनीच दगा दिला... सुनयनाला धड बसवेना. बोटावरची शाई ती उगाच घासत राहिली. गुलाल उधळत मिरवणूक पलीकडच्या गल्लीत गेली, उन्हं उतरली.

तेवढ्यात फाटक वाजलं. पंकज. हातात तीच यादी.

"आमी तुमालेच दिली मतं," ती घाईनं म्हणाली. "चारी. खरंच—"

"माईत हाय." त्यानं यादी पुढं केली. प्रश्नचिन्ह खोडून तिथं बरोबरची खूण केली होती, शेजारी तारीख. "तुमच्या बाबानं तिसऱ्याच दिवशी सांगतलं मले, बसथांब्यावर."

"मंग रोज काऊन येत होते?"

"अन् तुमी रोज 'नाई ठरलं' काऊन म्हनत होत्या?"

सुनयनानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "वहीच्या शेवटच्या पानावर हाय ते. तिकडल्या काठावरल्यांपैकी... लय जनांचं मनात आधीच ठरलेलं असते. फक्त बोलत नाईत."

"काऊन?"

"बोललं की कोणी दारात येत नाई."

तो ओट्याच्या पायरीवर बसला. "त्या येळात माझे दुसरे चार घरं झाले असते. वहिनीचे तीन मतं मी तुमच्या ओट्यावर घालवले."

"वहिनीले सांगतलं?"

"सांगूनच आलो."

"मंग... काय म्हनल्या?"

पंकजनं यादीची घडी करून खिशात घातली, आणि पहिल्यांदाच तिच्याकडं न बघता म्हणाला, "म्हनल्या, सरपंचकी तर गेली. आता निदान जाऊबाई तरी घरी आन."

त्यानं भीतभीत मान वर केली.

"ठरलं का?"

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली.