एकवीस नंबरचा चहा

आमच्या सलाइनच्या स्टँडची चाकं एकमेकांत अडकली, तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोटावर उशी घट्ट धरून, मान खाली घालून, मी कॉरिडॉरमध्ये चालायची शिक्षा भोगत होते.

"तुम्ही इंडिकेटर न देता वळलात," वरून आवाज आला.

मी हसले… आणि तिथेच मेले! छातीखालपासून बेंबीच्या खालपर्यंत टाके असलेल्या माणसाने हसायचं नसतं. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हसवू नका हो… ऑपरेशन झालंय माझं—"

"अरे बापरे! मग रडका चेहरा करू?" म्हणाला, आणि केलाही. मी पुन्हा हसले, पुन्हा कळवळले. माझी आत्या धावत आली आणि त्या उंच, सावळ्या, मिश्कील डोळ्यांच्या माणसावर खेकसली, "अहो, लाज नाही वाटत? पोरीचे टाके तुटतील!"

त्याने निमूटपणे वाकून चाकं सोडवली. जाताना मात्र वळून बघितलं. मीही बघितलं. आता बघितल्याने काही टाके तुटत नाहीत!

आमच्या वॉर्डात माणसाचं नाव फाटकाबाहेरच राहायचं. मी बारा नंबर. तो पलीकडच्या, पुरुषांच्या वॉर्डातला एकवीस नंबर. लांब पल्ल्याची बस चालवायचा. त्याचं पोट वर्षभर वाढत होतं आणि सगळे म्हणत होते, ड्रायव्हरचं पोट सुटायचंच. शेवटी कळलं, की अपेंडिक्समधून सुरू झालेला एक दुर्मीळ आजार पोटभर जेलीसारखं काहीतरी पसरवत होता. माझी गाठ यकृतामागच्या मोठ्या शिरेला चिकटलेली. बाकी सगळीकडे डॉक्टरांनी फाइल उघडून हळूच मिटली होती. इथल्या सर्जन मॅडमनी मात्र फोटो उजेडाकडे धरले, बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, "अवघड आहे. करूया." ती दोन वाक्यं आठवली की अजूनही माझे हात आपोआप जोडले जातात.

मॅडम फार बोलायच्या नाहीत. रोज सकाळी प्रत्येक खाटेशी त्यांचा एकच प्रश्न असायचा. "गॅस पास झाला?" सगळ्यांसमोर, मोठ्याने! आधी मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मग त्यांनी समजावलं, "पोटात एवढी उलथापालथ केली की आतडं रुसून बसतं. गॅस सुटला की समजायचं, रुसवा गेला. मगच चहा." त्यानंतर मी लाजबीज सोडली. माझा रुसवा गेला त्या दिवशी अख्ख्या वॉर्डाने माझं अभिनंदन केलं. आणि तो पहिला चहा… अहाहा! अर्धा कप, पण जीव परत आला.

हे सगळं मी एकवीस नंबरला सांगितलं, त्याच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती, तिथे आम्ही रोज चालून चालून दमायचो. दमायचं निमित्तच म्हणा ना.

"दिवसभर चालेल म्हणाल्या मॅडम," तो म्हणाला. मिश्कीलपणा कुठेतरी गायब झाला होता. "मी दिवसदिवस बस चालवतो. पण मागच्या सीटवर झोपून दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं म्हणजे…"

"मी दिलं होतं. त्याच हातात." मी उशीवरचा हात काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याची बोटं गार पडली होती. "बघा, पोचले ना मी?"

त्याने माझा हात घट्ट धरला. मग म्हणाला, "शुद्धीवर आल्यावरचा पहिला चहा तुमच्याबरोबर. कबूल?"

"मी घरी जायच्या आत बरे झालात तर!"

हे वाक्य मी उगाच, लाडात येऊन बोलले. त्याने ते खरं धरलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पण मला डिस्चार्ज मिळाला, तेव्हा त्याचं पोट अजून गप्पच होतं. आणि त्याच सकाळी वहिनी, म्हणजे त्याच्याजवळ बसणारी त्याची भावजय, हसत हसत आली. "अहो बारा नंबर, झालं हो त्याचं! मॅडम म्हणाल्या, थोडा चहा चालेल."

मी केसांवरून फणी फिरवली, आत्याचा डोळा चुकवून दोन कप चहा घेतला आणि हळूहळू त्याच्या खाटेपाशी पोचले. तो उशाला टेकून बसला होता. चेहरा फिका, पण डोळे… ते डोळे दारावरच होते.

"आलात!" म्हणाला, आणि त्याला उचकी लागली. "बघा… तुम्ही आठवण काढत होतात ना?"

मी लाजले. पुन्हा उचकी. पुन्हा. तो हसत होता, पण कपाळावर घाम होता, आणि चादरीखाली पोट टम्म फुगलं होतं. मलाही अशाच उचक्या लागल्या होत्या, आतडं रुसलेलं असताना. तेव्हा सिस्टर धावत आल्या होत्या.

"खरं सांगा. झालंय?"

"हो…" उचकी. "म्हणजे… होईलच की आता. तुम्ही आज चाललात—"

"वेडे आहात का!" दोन्ही कप मी बेसिनमध्ये ओतले. "सिस्टर! हे खोटं बोललेत!"

"चहाडी करताय?" त्याचा आवाज दुखावलेला होता. "चहासाठी नव्हतो बोललो मी…"

"माहितीये! म्हणूनच करतेय!"

सिस्टरनी नाकातून नळी घातली आणि पिशवीत हिरवंगार पाणी भरभरून येऊ लागलं. मॅडम आल्या, पिशवी बघितली आणि त्याला शांतपणे म्हणाल्या, "वर चहा गेला असता तर उलटी झाली असती. ती फुप्फुसात गेली असती, तर मी काही करू शकले नसते." मग माझ्याकडे वळल्या. "थँक यू, बारा नंबर." त्यांनी मला थँक यू म्हणावं! मी रडायलाच लागले. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मी तशीच घरी आले.

घरी माणसं मला भेटायला येत होती आणि माझं लक्ष कशातच नव्हतं. नळी निघाली असेल? राग गेला असेल? एका दुपारी मामा-मामी समोर बसलेले असताना फोन वाजला. अनोळखी नंबर.

"झालं," पलीकडून खोल गेलेला आवाज आला.

"काय झालं?… अय्या! गॅस पास झाला?" मी किंचाळले. मामांच्या हातातला कप हिंदकळला. "खरंच? शपथ?"

"शपथ. मॅडमना अजून सांगितलं नाही. आधी तुम्हाला…" तो थांबला. "तुम्ही ओरडलात म्हणून आहे मी. आता खोटं बोलणार नाही. म्हणून आणखी एक खरं सांगून टाकतो. मला आवडता तुम्ही. फार."

मी उशी पोटाशी धरली. हसत होते, रडत होते, टाके दुखत होते, आणि मॅडमचे, सिस्टरचे, त्या रुसून परत आलेल्या आतड्याचे किती आभार मानू, असं झालं होतं.

"माझा नंबर कुणी दिला?" मी उगाच दरडावलं.

समोर आत्या घाईघाईने मामांचा कप पुसायला लागली.

"ते राहू द्या," तो म्हणाला. "चहाचं काय?"

"थांबा की जरा. आधी मॅडमना सांगा. त्या हो म्हणाल्या की दोन कप घेऊन येते."