वेंडेलची तपासणी

खोटं वाटलं तर वाटू दे. हे घडलंय. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला होबार्टच्या बंदरावर, जुलैतल्या एका मंगळवारी, दुपारी तीनला. भरदिवसा!

मासेमारी बोटी बुडू लागल्या की मदतीचा संदेश पाठवणारी यंत्रं असतात. त्यांच्या सॉफ्टवेअरची प्रत्येक आवृत्ती नेरिडाच्या ऑफिसात जपून ठेवत. तिच्या सहकाऱ्याने, वेंडेलने, त्यात तपासणी घातली होती. प्रत आत जाताना-बाहेर येताना तिचा ठसा, म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक खुणेवरून निघणारा आकडा, जुळवायचा. एक खूण जरी इकडची तिकडे झाली, की अडवायचं.

वेंडेल अचानक वारला.

दोन आठवडेही झाले नव्हते, तर साहेब ग्रँट म्हणाला, "काढ ती तपासणी. सगळं रखडतं."

नेरिडाने काढली. स्वतःच्या हातांनी. त्या गोष्टीचा राग तिला आजही येतो.

त्या मंगळवारी तिने नवी आवृत्ती बोटींना पाठवायला घेतली आणि पडद्यावर उमटलं...

"ठसा जुळत नाही. हात लावू नका."

वेंडेलचेच शब्द.

"परत घातलीस ना?" ग्रँट खेकसला.

"मी कशाला घालू? शोध की!"

त्याने सगळा कोड चाळला. तपासणी कुठेच नव्हती.

पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच.

मग वेंडेलच्या रिकाम्या टेबलावरून... टक. टक. कीबोर्ड तर कधीच उचलून नेला होता.

नेरिडाने प्रत उघडली. बोटीची जागा सांगणाऱ्या अक्षांशातलं दक्षिणेचं चिन्ह उलटून उत्तर झालं होतं. इथे बुडणारी बोट जपानजवळून मदत मागणार होती!

ग्रँट पांढराफटक पडला. "सकाळीही आला होता तो संदेश. मला वाटलं, तूच चेष्टा करतेयस. मी हीच आवृत्ती एका बोटीच्या यंत्रात हाताने घातली."

"कुणाच्या?"

"...केलच्या."

केल तिचा सख्खा भाऊ.

"मेल्या, माणसं आहेत रे त्या बोटीवर!" ती किंचाळली आणि रेडिओकडे धावली.

वीस मिनिटं नुसती खरखर. मग केलचा आवाज. "अगं, ओरडतेस काय? खेकडे पळतील."

"मागे फीर, गाढवा! आत्ताच्या आत्ता!" ती रडत रडत शिव्या घालत होती.

केल सुखरूप परतला. ग्रँटशी ती अजून बोलत नाही.

तपासणी तिने त्याच संध्याकाळी पुन्हा लिहिली. तेव्हापासून तो संदेश एकदाही आलेला नाही.

सगळ्या प्रती धड आहेत म्हणून...

की सांगणारा निघून गेला म्हणून?

तिला ठाऊक नाही. पण बोटी रोज समुद्रात जातात.