कुणाच्या कपाळाचं बाशिंग

त्यानं दुकानात पाऊल टाकलं, घाम पुसला आणि सरळ पंख्याचं बटण दाबलं.

"अहो, पंखा...!" मी ओरडेपर्यंत उशीर झाला होता. सकाळपासून कोरलेल्या भेंडाच्या पाकळ्या टेबलावरून उठल्या आणि दुकानभर उडायला लागल्या. भेंड म्हणजे पाणथळीतल्या झाडाचा आतला पांढरा गाभा. इतका हलका, की कोरताना मी श्वाससुद्धा जपून सोडते. म्हणून सदाशिव पेठेतल्या आमच्या दुकानात भर एप्रिलमध्येही पंखा बंद असतो. हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तरी मला राग आलाच.

"सॉरी, सॉरी! गोळा करून देतो," म्हणत तो खाली बसला.

"फुंकर मारू नका. बोटांनी दाबू नका. खरं तर... काहीच करू नका."

"मग माझ्या केसांत बसली आहे ती कोण काढणार?"

मी काढली नाही. हसू मात्र दाबता आलं नाही.

त्याचं नाव अभिनव. यवतमाळचा, नोकरी हिंजवडीत. मोठ्या भावाचं लग्न ठरलं होतं आणि नवरदेवाला बाशिंग भेंडाचंच हवं, थर्माकोलचं नको, असं त्याच्या आईनं बजावलं होतं. तिनं भावाच्या कपाळाचं माप दोऱ्याला गाठी मारून पाठवलं होतं. माझ्या बाबांनी तो दोरा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

"भावासाठीच ना?" बाबांनी चष्म्यावरून विचारलं. "की स्वतःच गुडघ्याला बाशिंग बांधून आलात?"

"आईला फोटो पाठवायचेत" या सबबीवर तो वरचेवर येऊ लागला. कंपनीच्या बसनं, ट्रॅफिकमध्ये शिजून. आला की आधी पंख्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि गुपचूप स्टुलावर बसायचा.

"तुमच्या ऑफिसात एसी असेल ना?" बाबा विचारायचे.

"आहे ना काका."

"मग?"

"तिथं थंडी वाजून राहिली."

बाबा गेले की तो विचारायचा, "बोलू का? की शब्दांनीही पाकळ्या उडतात?"

"हळू बोललात तर नाही उडत."

म्हणून तो हळू बोलायचा. आणि हळू बोललेलं ऐकायचं तर जरा जवळ सरकावं लागतं... त्याला माझा इलाज नव्हता.

"सुरी फिरवताना तुमची जीभ बाहेर येते," तो एकदा म्हणाला.

"अजिबात येत नाही!"

"फोटो आहे."

त्यानं फोन पुढे केला. बाशिंगाचे मोजून दोन, बाकी सगळे माझेच.

"हे आईला पाठवता?"

"पाठवतो ना. तीच विचारून राहिली, पोरीचं नाव काय म्हणून."

मी मान खाली घातली आणि चांगली जमलेली कळी उगाच उलगडून पुन्हा वळायला घेतली. बाशिंग पुरं झालं की याला इथं यायचं कारण उरणार नव्हतं, आणि त्या विचारानं मला रडू यायचंच बाकी होतं. इतका बोलका माणूस, पण नेमकं हवं ते बोलत नव्हता. मी तरी कुठे बोलत होते!

शेवटी बाशिंग झालंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची यवतमाळची गाडी होती. तो घ्यायला आला तेव्हा बाबांनी शेवटची खात्री म्हणून खिळ्यावरचा दोरा काढला आणि बाशिंगाच्या पट्टीला लावला. पुन्हा लावून पाहिला.

"बोटभर मोठं झालंय. उत्कर्षा, दोरा धरला होतास ना?"

दोऱ्यावर धूळ बसली होती. मी तो एकदाही खाली काढला नव्हता. पट्टी कापताना समोर जे कपाळ दिसत होतं, तेच माझ्या हातांनी माप म्हणून धरलं होतं.

"मग हे कुणाच्या कपाळाचं केलंस?"

माझे कान तापले. अभिनवनं बाशिंग उचललं आणि स्वतःच्या कपाळाला लावलं. केसभरही हललं नाही.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मी चहा सांगून येतो," म्हणत चपला घातल्या. दारातून वळून म्हणाले, "पंखा लावू नका."



"दादासाठी दुसरं होईल?" त्यानं हळूच विचारलं.

"कळ्या शिल्लक आहेत. उद्या दुपारपर्यंत देते. हे... हे चुकलंय."

"कुठे चुकलं? मला तर बरोबर बसून राहिलं." त्यानं ते जपून टेबलावर ठेवलं. "हे मोडू नका, उत्कर्षा. मी घ्यायला येतो. म्हणजे... तुम्ही हो म्हणालात तर. पंखा लावला ना, त्या दिवसापासून मला तुम्ही आवडता."

"मला पण तुम्ही आवडता," मी म्हटलं. "इतके, की दोरा बघायचं राहून गेलं."

मग मी उठले आणि पंख्याचं बटण दाबलं.

"अहो, कळ्या! दादाच्या कळ्या!"

"बसा गोळा करत. घाई आहे का जायची?"

तो हसत गुडघ्यांवर बसला. पहिल्या दिवसासारखीच एक पाकळी त्याच्या केसांत अडकली होती. या वेळी ती मी काढली.