सेंट लुइसच्या आधी

मिसिसिपीतल्या त्या कॉलेजच्या मैदानावर छप्पर असलेला बाक एकच होता, आणि पाऊस आला तेव्हा त्यावर एक माणूस आधीच बसला होता. ओडेट ब्रूसार्ड धावत आत शिरली. त्याने बॅग उचलून मांडीवर घेतली, थोडा सरकला आणि तिच्याकडे नीट बघत म्हणाला,

"जॅकेट पावसासाठी उलटं घातलंय, की क्लबचं नाव लपवायला?"

नाव लपवायलाच घातलं होतं. "पावसासाठी," ओडेट म्हणाली.

"बरं. पण अस्तर हिरवं आहे, मॅडम. हिरवं अस्तर पोर्टलंडवाल्यांचंच असतं."

तो सेंट लुइसचा निघाला. एमेट प्रुइट. तिच्यासारखाच पारखी – कॉलेजं पालथी घालायची, अमेरिकन फुटबॉलची पोरं बघायची आणि कोण घेण्याजोगा आहे ते आपल्या क्लबला सांगायचं. एप्रिलअखेर ड्राफ्ट असतो. दर फेरीत सगळे क्लब पाळीपाळीने एकेक पोरगा उचलतात. तोवर कुठलाही पारखी दुसऱ्याला खरं सांगत नाही. पाऊस पडतोय म्हणाला तरी हात बाहेर काढून बघावा लागतो.

त्याचे कान जरा जास्तच बाहेर आलेले होते आणि डाव्या कानाच्या टोकावर एक थेंब अडकला होता. ओडेटला तो थेंब पुसावासा वाटला... आणि लगेच मनात आलं, याला माझ्याकडून काय काढून घ्यायचंय?

समोर क्विन्सी हॉज पळत होता. बाकीची पोरं घसरायच्या भीतीने थांबली होती; हा चेंडू बगलेत दाबून एकटाच पळत होता. तो रनिंग बॅक. चेंडू घेऊन थेट समोरच्या खेळाडूंच्या भिंतीत घुसायचं आणि मार खायचा, हे त्याचं काम. ओडेटने सांधे आणि हाडांच्या हालचालींचा अभ्यास केला होता, त्यामुळे तिला पक्कं ठाऊक होतं की असं शरीर चार-पाच वर्षांत झिजतं. शहाणे क्लब आपली पहिली पाळी अशा पोरावर घालवत नाहीत. बैठकांमध्ये हे तिनेच ठासून सांगितलं होतं.

पण क्विन्सी धडक बसण्याच्या किंचित आधी खांदा फिरवायचा. मार बसायचा तो निसटता. तिने त्याच्या सामन्यांच्या फिती पुन्हापुन्हा बघितल्या आणि मग साहेबांसमोर आपला शब्द पणाला लावला – पहिल्याच फेरीत घ्या. नोकरीचं पहिलं वर्ष होतं तिचं. पोरगा हातचा गेला, तर तिचा शब्द पुन्हा कोणी ऐकणार नव्हतं. आणि ड्राफ्टमध्ये पोर्टलंडच्या लगेच आधी पाळी होती सेंट लुइसची.

"कसा वाटतो?" एमेटने विचारलं.

"पहिल्या फेरीत रनिंग बॅक म्हणजे पैसे पाण्यात. आमचा क्लब असलं काही करत नाही."

एमेटने मान डोलावली. मग विचारलं, तळलेला कॅटफिश चालतो का?

चालत होता. त्या दिवशी चालला, पुढच्या आठवड्यात अलाबामात चालला, मग लुइझियानात. पारख्यांचे रस्ते एकच, खानावळी त्याच. तो तिने न सांगताच तिखट सॉसची बाटली पुढे सरकवायचा. आपल्या बाहीने तिच्या गाडीची काच पुसून द्यायचा. "तुम्ही"चं "तू" कधी झालं ते कळलंही नाही. गाडीत बसल्यावर मात्र ओडेट सगळं बोलणं पुन्हा तपासायची. क्विन्सीबद्दल त्याने किती वेळा विचारलं? त्या पहिल्या दिवसानंतर एकदाही नाही. हे तर जास्तच संशयास्पद होतं.

साहेबांना – गस लिंडक्विस्टना – तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. "सेंट लुइसचा माणूस तुला मासे खाऊ घालतोय, आणि तुला वाटतं तू त्याला आवडतेस?" म्हणाले. "खा पोरी. पण तोंड फक्त खायलाच उघड."

शेवटच्या दौऱ्यात, खानावळीबाहेर, एमेट तिच्या गाडीला टेकून उभा राहिला. बराच वेळ किल्ली बोटावर फिरवत राहिला.

"क्विन्सीला आम्ही घेणार नाही," तो म्हणाला. "आम्हाला जॉर्जियाचा तो धिप्पाड पोरगा हवाय, आघाडीच्या फळीतला. तेव्हा आमच्या आधीची पाळी मिळवून पुढे सरकायला काही देऊन बसू नका."

हे त्याच्या क्लबला कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती.

"मला का सांगतोयस?"

"तुझं जेवण होत नाहीये." तो जमिनीकडे बघत होता. "दोन आठवडे बघतोय. ताटात नुसती चिवडत बसतेस."

त्याचा हात तिच्या हाताजवळ आला... आणि परत गेला. तिला विश्वास ठेवायचा होता. इतका, की तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला.

ड्राफ्टच्या दिवशी पोर्टलंडच्या खोलीत सगळे पडद्याकडे बघत होते. क्विन्सी अजून शिल्लक होता. सेंट लुइसच्या आधी ज्यांची पाळी होती, तो क्लब ती विकायला तयार होता. बदल्यात त्यांना पोर्टलंडची दुसऱ्या फेरीतली पाळी हवी होती. लिंडक्विस्टनी फोनवर हात ठेवला आणि ओडेटकडे वळले. सेंट लुइस त्याला उचलणार का, एवढंच विचारलं.

तिच्याकडे उत्तर होतं. पण त्या उत्तराला आधार काय? एका माणसाची खाली वळलेली नजर.

"उचलतील," ती म्हणाली. "पुढे सरका."

ते सरकले. क्विन्सीचं नाव पुकारलं गेलं, खोलीत आरडाओरडा झाला, कोणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. त्या गडबडीतच सेंट लुइसनेही आपला पोरगा निवडला. जॉर्जियाचा, धिप्पाड, आघाडीच्या फळीतला.

म्हणजे एमेट खरं बोलला होता. ओडेटला आनंद झाला, आणि तो क्षणभरही टिकला नाही. क्विन्सी गेल्यावर सेंट लुइसला दुसरा कोणीतरी घ्यावाच लागणार होता. तो शिल्लक असता तर त्यांनी काय केलं असतं, हे बघायची एकच संधी होती आणि ती हिनेच मोडून टाकली होती. प्रयोग बिघडला होता. आता कधीच कळणार नव्हतं.

ती बाहेर वाहनतळावर आली. ऊन अजून होतं. फोन वाजला.

"अभिनंदन," एमेट म्हणाला. "महाग पडला."

ती आपल्या गाडीकडे चालू लागली.

"विश्वास नाही ठेवलास."

"नाही."

"मी खरं बोललो होतो, ओडेट. आता सिद्ध करता येणार नाही मला."

"माहीत आहे. पुरावा मीच मोडला." ती गाडीला टेकली. "आणि आम्हाला रनिंग बॅक नको, हे मी तुला सांगितलेलं... ते खोटं होतं."

"तेव्हाच कळलं होतं."

"तरी मला तुमचं गुपित सांगितलंस?"

"तुला तो किती हवाय ते कळलं, म्हणून सांगितलं." मग हळूच म्हणाला, "पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे मला. पोर्टलंडला यावं म्हणतो. काम काही नाही तिथे."

ओडेटचं डोकं सवयीने कामाला लागलं. काय हवं असेल याला? पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टचा अंदाज? क्विन्सीच्या गुडघ्याची खबर? की... तिने डोळे मिटले.

"ये," ती म्हणाली.

"म्हणजे विश्वास बसला?"

"अजून नाही. पण तपासायचं नाही, असं ठरवलंय."

पलीकडे तो गप्प झाला. तो गप्प का आहे, याचा विचार ओडेटने केला नाही.